तीन नंबरची तक्रार

आमच्या तीर्थरूपांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अद्याप आमच्या अंगणात आहे, असे कोणाला सांगितले की तो दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो : "चालते का?" किंवा "विकता का?" पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर 'बहुधा' असे असते व दुसऱ्याला 'नाही' असे. या 'बहुधा'मागे एक हकिगत आहे. ती माझ्या दृष्टीने फारशी भूषणावह नाही. तरीही सांगतो, कारण जुन्या गाडीचा दोष कसा शोधावा हे जसे तीत आहे, तसेच तो कसा शोधू नये हेही आहे.

त्या काळी मोटार घेणे म्हणजे पैसे मोजून ती घरी आणणे नव्हे. आधी नाव नोंदवायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. गाडी इंदूरला आमच्या दारी आली त्या दिवशी बाबांनी तिला हार घातला, नारळ फोडला आणि संध्याकाळी एक जाड पुठ्ठ्याची वही आणून तिच्या पहिल्या पानावर गाडीचा क्रमांक लिहिला. त्यानंतर २००३ साली ते जाईपर्यंत गाडीला जे जे झाले, ते त्या वहीत तारीखवार नोंदले गेले. बदललेला प्रत्येक जुना भाग ते मिस्त्रीकडून कागदात गुंडाळून परत मागून घेत. मला ही त्यांची कारकुनी वृत्ती वाटे.

मिस्त्री म्हणजे छावणीतले आमचे उस्ताद. गाडी नवी असताना ते पंचविशीतले होते. बाबांना ते 'बडे साब' म्हणत आणि मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवीत असल्यामुळे मला 'मास्टरसाब'. बाबांच्या मागे गाडी जशी माझ्याकडे आली, तसे उस्तादही आले.

२०१८ च्या जून महिन्यात, पावसाच्या तोंडावर, उस्तादांनी गाडीचे पॉइंट व कंडेन्सर बदलले, ट्यूनिंग केले आणि बाराशे रुपये घेतले. गाडी सुरेख चालू लागली. नुकताच सेवानिवृत्त झालेला मनुष्य हा यंत्रांना धोकादायक असतो. पुढच्याच रविवारी मी उत्साहाने बोनेट उघडले आणि इंजिन आरशासारखे पुसून काढले. गाडी तशीच सुरेख चालत राहिली.

मग पाऊस आला. माळव्याचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. पण एकदा झड लागली की चार-चार दिवस हवा ओल्या पंचासारखी होऊन राहते. अशाच एका सकाळी गाडी सुरू होईना. सेल्फ मारावा, इंजिन घुर्रऽघुर्र फिरावे आणि पकडू मात्र नये. चोक ओढावा तर पेट्रोलचा वास सुटावा. दहाबारा खेपांनंतर एकदाची सुरू झाली तरी ती लंगडत चाले. तिची लय दर क्षणाला एकेक मात्रा गाळल्यासारखी वाटे. मिस्त्री लोक याला 'मिसिंग' म्हणतात. मौजेची गोष्ट अशी की, दुपारी ऊन पडले की हीच गाडी शहाण्या मुलासारखी धावे.

सल्लागारांना तोटा नव्हता. शेजारचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "कार्बोरेटर." समोरचे वकील म्हणाले, "पेट्रोलमध्ये पाणी." पुण्याहून चिरंजीवांनी फोनवर निर्णय दिला, "बाबा, भंगार." मी स्वतः मात्र मनाशी वेगळेच गणित मांडले होते. जूनपर्यंत गाडी बरी होती. जूनमध्ये उस्तादांनी हात लावला. जुलैत ती बिघडली. तेव्हा दोष उस्तादांच्या कामातच असणार. बत्तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना बजावीत आलो होतो की, एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणजे ती तिच्यामुळे घडली असे होत नाही. ते सारे मी स्वतः सोयिस्करपणे विसरलो.

छावणीत गेलो. उस्ताद एका टेम्पोखाली आडवे होते आणि त्यांची दोन शिकाऊ पोरे पाने देत उभी होती. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "उस्ताद, कंडेन्सर नवा घातला होता की जुनाच पुसून लावला?" ते टेम्पोखालून बाहेर आले. हात पुसले. माझ्याकडे पाहिले, पोरांकडे पाहिले आणि हिंदीत एवढेच म्हणाले, "मास्टरसाब, आता गाडी दुसरीकडे दाखवा." त्यांनी भांडण केले असते तर मला बरे वाटले असते. पण ते पुन्हा टेम्पोखाली गेले.

मी गाडी दुसरीकडे दाखविली. नव्या गॅरेजात सर्व काही चकचकीत होते. तिथल्या तरुणाने हाती संगणकाची वायर घेऊन ती जोडायला जागा शोधली. आमच्या गाडीत तशी जागाच नाही, हे कळल्यावर त्याचा चेहरा नाडी न सापडलेल्या वैद्यासारखा झाला. त्याने बॅटरी बदलली, चारही प्लग बदलले, कार्बोरेटरला नवे किट घातले. नऊ हजारांवर खर्च झाला. दर वेळी गाडी गॅरेजात पोचेपर्यंत दुपार होई, ओल सुकलेली असे आणि गाडी निर्दोष ठरून परत येई. दुसऱ्या पावसाळी सकाळी पुन्हा तेच.

श्रावणात माझी थोरली बहीण चार दिवस राहून परत निघाली. पहाटेची गाडी. तिला स्टेशनवर पोचवितो असे मी मोठ्या तोऱ्यात सांगितले होते. पाऊस भुरभुरत होता. वीस मिनिटे सेल्फ मारून नवी बॅटरीही थकली. अखेर ताई छत्री सावरीत, पिशव्या घेऊन, शेजाऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेली. सत्तरी ओलांडलेली बाई; ओल्या सीटवर बसताना माझ्याकडे पाहून हसली, ते मला रडण्याहून वाईट वाटले.

सौ.ने चहा पुढे ठेवला आणि शांतपणे विचारले, "मुलांना प्रयोग शिकवताना तुम्ही चार गोष्टी एकदम बदलायला सांगत होतात का हो?"

त्या दिवशी पंधरा वर्षांनी मी बाबांची वही काढली. मागच्या पानांवर 'गाडी सुरू न झाल्यास' असा मथळा होता. खाली त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिले होते : 'आधी ऐकावे, मग पाहावे, मग हात लावावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदलून फरक न पडल्यास पहिल्यासारखी करावी.' भौतिकशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाने प्रयोगपद्धतीचे सार तीन ओळींत लिहून ठेवले होते.

पुढे त्यांनी दोष शोधण्याची पायरी दिली होती. तिचा सारांश वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो. सेल्फ मारल्यावर इंजिन जड, रेंगाळत फिरले तर बॅटरी अथवा तिची गंजलेली टोके पाहावीत. इंजिन जोमाने फिरूनही पकडत नसेल तर बॅटरीला दोष देऊ नये. एक प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही : टाकी, नळी, पंप, कार्बोरेटर या क्रमाने मागोवा घ्यावा. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगी पोचत नाही किंवा चोक अतोनात ओढला गेला आहे. गाडी गरम झाल्यावरच अडत असेल तर कॉइल, कंडेन्सर अथवा नळीत वाफ धरणे. आणि शेवटी : 'ओलीत मिसिंग, उन्हात ठीक : उच्च दाबाची बाजू पाहावी. अंधारात पाहावी.'

'उच्च दाबाची बाजू' म्हणजे काय हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. गाडीची कॉइल म्हणजे मी वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत दाखवीत आलो त्याच प्रवर्तन-वेटोळ्याचे धाकटे भावंड. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह तिच्या जाड तारेतून वाहतो. पॉइंट उघडले की तो एकाएकी तुटतो, चुंबकक्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. कंडेन्सर पॉइंटांवरची आग आवरतो, म्हणून हे तुटणे झटपट होते. तो उच्च दाब डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत मधोमध येतो आणि आत फिरणारा रोटर तो एक-तीन-चार-दोन या क्रमाने चारही सिलिंडरांना वाटून देतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या. एवढ्या दाबाची वीज इमानी नसते. तिला प्लगपर्यंत जाण्याहून जवळची वाट सापडली की ती त्या वाटेने निघून जाते. ओल ही अशी वाट असते. त्यातून सेल्फ मारताना बॅटरीचा दाब उतरलेला असतो, त्यामुळे ठिणगी मुळातच क्षीण. म्हणून चालताना लंगडणारी गाडी सुरू होताना अडूनच बसते. हे सारे मला ठाऊक होते. विचारले असते तर फळ्यावर आकृतीसह मांडून दाखविले असते.

दुसऱ्या सकाळी हवा पुन्हा ओली होती. बऱ्याच खटपटीने गाडी सुरू केली, लंगडती. मग वहीत लिहिल्याप्रमाणे इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिचे टोक इंजिनच्या धातूला टेकवून ठेवायचे, पुन्हा सुरू करून ऐकायचे आणि वायर जागच्या जागी लावायची, असे चारदा केले. पहिली काढली तेव्हा इंजिन आणखी लंगडले. दुसरी, तेच. चौथी, तेच. तिसरी काढली तेव्हा मात्र काहीच फरक पडला नाही. म्हणजे तीन नंबर आधीच संपावर होता. त्याचा प्लग दोन नंबरला लावला व दोनचा तीनला. तक्रार तीनलाच राहिली, म्हणजे प्लग निर्दोष. वायर बदलून पाहिली, तक्रार तिथेच. वाल्व्ह किंवा पिस्टन म्हणावे तर दुपारी तोच सिलिंडर निमूटपणे काम करतो. पॉइंट व कंडेन्सर यांना दोष द्यावा तर ते चौघांनाही सारखेच. त्यांच्यात बिघाड असता तर चारही अडखळले असते. या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो. कंडेन्सर निर्दोष आहे, हे सिद्ध करायला मला पैशाचाही खर्च आला नव्हता. फक्त जुलैत करायचे ते मी ऑगस्टमध्ये केले होते.

उरली टोपी. ती काढून उजेडात पाहिली. काळी, गुळगुळीत, कुठे काही दिसेना. 'अंधारात पाहावी.' रात्री जेवणे झाल्यावर अंगणातला दिवा मालवला, सौ.ला सेल्फ मारायला बसविले आणि मी बोनेटपाशी उभा राहिलो. पाऊस थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. इंजिन फिरले आणि टोपीच्या तीन नंबरच्या शिंगापासून खाली धातूच्या कडेपर्यंत निळ्या उजेडाचा एक बारीक धागा सरसरत गेला. पुन्हा. पुन्हा. केसाएवढी चीर होती. तीत ओल भरली की तीन नंबरची सगळी वीज प्लगपर्यंत न जाता त्या वाटेने जमिनीला मिळत होती.

"सापडला!" मी ओरडलो. "टोपीला चीर आहे. पण अशी चीर आपोआप पडते कशी?"

सौ. गाडीतून उतरली. क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या रविवारी तुम्ही पुसापुशी करत होतात ना, तेव्हा काहीतरी पडल्याचा आवाज आला होता. मी स्वयंपाकघरातून विचारलंसुद्धा. तुम्ही म्हणालात, काही नाही, काही नाही."

पडली होती. फरशीवर पडून दोनदा उसळली होती. मी उचलून, फुंकर मारून, पाहून परत लावली होती आणि गाडी त्या दिवशी उत्तम चालल्यामुळे ती गोष्ट मनातून पुसून टाकली होती. मी खोटे बोललो नव्हतो. पण गाडीला शेवटचा हात कोणाचा लागला, हे आठवायची वेळ आली तेव्हा माझ्या स्मरणशक्तीने उस्तादांचा हात पुढे केला आणि माझा मागे लपविला. रात्री झोप आली नाही.

सकाळी टोपी रुमालात बांधून रिक्षाने छावणीत गेलो. उस्तादांनी मला पाहिले आणि काम चालू ठेवले. मी रुमाल सोडून टोपी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, उजेडाकडे तिरपी केली, अंगठ्याचे नख हळूच फिरविले आणि एका जागी थांबविले.

"पडली होती," ते म्हणाले.

"माझ्या हातून," मी म्हणालो. "तुमच्या कामात काही चूक नव्हती. मी चुकीचं बोललो. माफ करा."

ते काही वेळ टोपीकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी ही पोरं इथं उभी होती."

मला कळले. दोन्ही पोरे ग्रीसने माखलेल्या हातांनी पलीकडे एक चाक बसवीत होती. मी त्यांच्याजवळ गेलो आणि जे बोललो होतो ते चुकीचे होते, टोपी माझ्या हातून पडली होती, उस्तादांनी नवाच भाग घातला होता, असे सांगितले. धाकटा गोंधळून उभाच राहिला. एवढ्या वयाचा मास्तर आपल्यापुढे कबुली देतो आहे हे त्याला झेपले नसावे. आयुष्यात मी शेकडो व्याख्याने दिली. इतके लहान आणि इतके अवघड दुसरे आठवत नाही.

परत वळलो तेव्हा उस्तादांनी फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढला होता. त्यातून वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी निघाली. तिच्यावर आमच्या गाडीचा क्रमांक लिहिलेला होता. आत जूनमध्ये काढलेले जुने पॉइंट व जुना कंडेन्सर होता.

"बडे साब नेहमी मागून नेत," ते म्हणाले. "तुम्ही कधी मागत नाही. तरी मी ठेवतो. पूछते तो दिखा देता, मास्टरसाब."

मी ती पुडी घेतली. काय बोलावे ते सुचेना. तेव्हा उस्तादच कामाचे बोलू लागले : नवी टोपी मिळायला आठवडा लागेल, या गाडीचे भाग आता शोधावे लागतात. तोवर चिरेतली काळी रेघ ब्लेडने खरवडून काढा, पुसून कोरडी करा आणि वरून नेलपॉलिश लावा, चमकी नसलेले. मी घरी येऊन सौ.कडे बाटली मागितली, तेव्हा बऱ्याच दिवसांनी घरात हसू उमटले. रंग लाल होता. त्या लाल रेघेनिशी गाडीने श्रावणाची ओल निभावून नेली.

उस्तादांचे हात पुढे कापू लागले. आता ते दुकानात येतात ते बसायला; काम ती दोन पोरे करतात. वर्षातून एकदा मी गाडी नेतो, तेव्हा ते खुर्चीवरूनच कान देऊन ऐकतात आणि कुठे काय ते सांगतात. पद्मिनी बनायची थांबून दोन दशकांवर काळ लोटला. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याने जुन्या रबरी नळ्या लवकर मऊ पडतात. गेल्या मे महिन्यात उज्जैनहून येताना गाडी भर उन्हात बंद पडली, तेव्हा पंपावर ओला पंचा टाकून आम्ही लिंबाखाली अर्धा तास बसलो. नळीत वाफ धरली असावी. घरी येऊन एकेक नळी तपासली. एक पाझरत होती; ती तेवढीच बदलली. चिरंजीव सोबत होते. त्यांनी आधी पेट्रोलपंपवाल्याला, मग नव्या गॅरेजवाल्याला दोष दिला. मी त्यांना वही वाचायला दिली.

वहीत बाबांच्या शेवटच्या नोंदीनंतर पंधरा वर्षांची पाने कोरी होती. ती तशीच सोडून मी पुढच्या पानावर लिहिले आहे : 'ऑगस्ट २०१८. ओलीत सुरू होण्यास त्रास, मिसिंग. तीन नंबर. टोपीस चीर. टोपी नवी घातली. दोष : माझा. उस्तादांना कळविले.' जुनी टोपी आणि ती कागदाची पुडी वहीच्या शेजारी, बाबा ठेवीत त्याच खणात ठेवली आहे.